तळ्याकाठच्या तंबूचे ८,९६० रुपये

आकडा आधीच सांगतो: खोट्या कॅम्पच्या बुकिंगमध्ये ८,९६० रुपये गेले. कुडाळकडच्या रानातलं तळं, चौघं, एक रात्र, माणशी १,८५०. तंबू, जेवण, शेकोटी, सकाळी कायाक. निम्मे आगाऊ ३,७००. मग ‘परत मिळणारं डिपॉझिट’ २,०००. मग ‘वनविभागाची प्रवेश परवानगी’ १,२६०. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

चीड येते ती त्यांच्या जाहिरातीतल्या फोटोची. मऊ गवतावर तंबू, खुंट्या डोक्यापर्यंत जमिनीत, मागे देवदारासारख्या झाडांची रांग. सिंधुदुर्गात! ऐन, किंजळ, निदान एखादा काजू तरी दिसायला नको? आमच्याकडे तळ्याच्या वर जांभ्याचा कातळ. त्यात खुंटी दोन बोटंही जात नाही, वाकते. तिथे स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा घुमटी तंबू लागतो आणि दोऱ्या दगडांना बांधायच्या. खाली काठाला गाळाची माती. तिथे खुंटी जाते, पण वारा सुटला की सैल होते. हे सगळं मला ठाऊक होतं. यादीत ‘चौघांचा दुहेरी कापडाचा तंबू, वजन दीड किलो’ लिहिलेलं. भाड्याचा असला तंबू तीन-चार किलोंच्या खाली नसतो. तेही वाचलं आणि पैसे पाठवले.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता, बऱ्या जागा भरलेल्या. निम्मे आगाऊ तर घरगुती राहण्याची सोय करणारेही घेतात. त्यामुळे पहिल्या ३,७०० बद्दल मी स्वतःला दोष देत नाही. पण ती १,२६० ची पावती? ‘सिंधुदूर्ग’ असा दीर्घ दू, आणि खाली ‘शेकोटीसह’. राखीव वनात आग पेटवणं १९२७ च्या वन अधिनियमात गुन्हा आहे, आणि वनविभागच शेकोटीची पावती फाडणार? शिवाय पैसे जात होते कुणा एका माणसाच्या खात्यात, कॅम्पच्या नावाचा पत्ता नाही.

शेवटी आणखी २,००० गेले, ते सांगायची लाज वाटते. ‘डिपॉझिट परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा.’ केला, पिन टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच लागत नाही.

समोरच्याला एवढंच विचारा: तिथे खुंट्या चालतात की दगड लागतात? तंबू लावलेला माणूस लगेच सांगतो. आणि ज्या गावचं तळं, त्या ग्रामपंचायतीत एक फोन टाका.

पैसे गेले की पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. बँकेत नंतर जा. तिथे एकच पालुपद: ‘पिन तुम्हीच टाकलात ना?’ ठाण्यात त्याहून कहर. मी रत्नागिरीचा, तळं कुडाळला, खातं परराज्यातलं, मग ‘आमच्याकडे कशाला आलात?’ हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते, हे मीच त्यांना सांगायचं. ‘एवढ्याशा रकमेसाठी’ हेही ऐकून घेतलं. शेवटी कोऱ्या कागदावर अर्ज. पोच मागितली तर शिक्का कपाटात, कपाटाची चावी साहेबांकडे. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

वन कार्यालयात म्हणाले, ‘असली पावती आम्ही देतच नाही.’ मग तुमच्या नावाने छापणाऱ्यावर तक्रार कोण करणार? ‘तुम्हीच करा.’ पावतीची झेरॉक्स मात्र ठेवून घेतली, तीही माझ्याच पैशांनी.