मुलतानी माती: खडे घ्यावेत की पूड?

वडोदऱ्यात मांडवीच्या आसपास काष्ठौषधींची जुनी दुकाने आहेत. त्यांपैकी एका दुकानातून घेतलेल्या सुट्या मुलतानी मातीविषयी हा अभिप्राय आहे. तेथे खडे आणि पूड असे दोन्ही प्रकार मिळतात. माझ्या मते खडेच घ्यावेत. तिथली पूड पेलाभर पाण्यात ढवळून ठेवली, तर तळाशी करकरीत वाळूचा थर बसला. उलट फिकट पिवळा, किंचित मळकट खडा पाण्यात टाकला की बारीक बुडबुडे सोडत कडेकडेने विरघळल्यासारखा सुटत जातो आणि त्याचा लोण्यासारखा लगदा होतो. तो चिमटीत चोळून पाहिला, तर क्वचितच एखादा कण बोटांना लागतो. म्हणून लावण्यापूर्वी फडक्यातून गाळून घेणे बरे.

या मातीत प्रामुख्याने माँटमोरिलोनाइट हे खनिज असते. त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकावर एक रचलेले असल्यामुळे चिमूटभर मातीलाही तेल धरून ठेवण्यास मोठा पृष्ठभाग मिळतो. युरोपात लोकरीतील चरबी काढण्यासाठी अशी माती शतकानुशतके वापरली गेली, आणि खाद्यतेलाचा रंग उतरवण्यासाठी कारखान्यांत आजही याच जातीची माती वापरतात. आपल्याकडे तिच्या खाणी राजस्थानात बाडमेरच्या बाजूला आहेत. कच्छात निघणारा बेंटोनाइट याच कुळातला, परंतु तो पाण्यात कितीतरी अधिक फुगतो.

पावसाळ्यातील इथल्या दमट हवेत कपाळ आणि नाक सतत तेलकट राहणाऱ्यांना या मातीचा गुण लगेच जाणवतो. मात्र तो काही तासांपुरताच असतो, कारण वर आलेले तेल ती टिपते, तेलग्रंथींचे काम थांबवत नाही. सायंकाळी लेप लावून गरब्याला गेलेल्या मंडळींची कपाळे मध्यरात्रीपूर्वी पुन्हा चकाकू लागतात, ते याचमुळे. रंध्रे कायमची लहान होतात, हा सुगंधी पाकिटांवरचा दावा तर निखालस खोटा आहे. लेप वाळून त्याला भेगा पडेपर्यंत थांबू नये. रंग फिका पडू लागताच, जरा ओलसर असतानाच, कोमट पाण्याने धुवावा, अन्यथा त्वचा ताणल्यासारखी होते. लेपात लिंबू पिळा, असा सल्ला दुकानदार न विचारता देतात. तो मानू नये, कारण लिंबाच्या आम्लाने त्वचेची आग होऊ शकते. ज्यांची त्वचा मुळातच कोरडी आहे, त्यांना केओलिनची पांढरी माती अधिक सोसेल, कारण ती तेल कमी ओढते.

खडे कोरडे कुटू नयेत; उडणाऱ्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असू शकते आणि ती फुप्फुसांना अपायकारक आहे. रात्री भिजत घातले की काम भागते. दर्जाच्या मानाने भाव रास्त आहे, वजनही चोख मिळते. तक्रार एकच: माल रद्दी वर्तमानपत्रात बांधून देतात, तेव्हा घरून डबा न्यावा.