खोलीचा आवाज ‘सुधारून’ देणाऱ्यांपासून सावध राहा: माझे 83,684 रुपये

आकडा आधी सांगतो, म्हणजे ‘थोडक्यात सुटलात’ असं कुणी म्हणायला नको. घरात गाणं ऐकायच्या खोलीतला घुमारा घालवायला 83,684 रुपये. त्यातले 2,500 नुसते खोली ‘मोजायला’ येण्याचे. बाकीचा हिशेब असा: फोमचे 36 तुकडे, 850 चा एक, म्हणजे 30,600. खालचे घुमणारे सूर शोषायला म्हणून कोपऱ्यात बसवायचे आठ ‘बास ट्रॅप’, 19,200. आवाज विखरून टाकायला म्हणून लाकडी खाचांचे दोन ‘डिफ्यूझर’, 13,000. फिटिंग 6,000. आणि या 68,800 वर 18 टक्के जीएसटी, 12,384. जीएसटीचं पुढे सांगतोच, सगळ्यात जास्त डोकं तिथेच फिरलं.

असली माणसं घरापर्यंत कशी पोचतात ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्या दुकानातून अँप्लिफायर घेतला तिथल्या पोराने नंबर दिला. त्याचा टक्का ठरलेला होता हे नंतर कळलं. आलेला माणूस नीटनेटका, बोलायला मवाळ, हातात लेझरचं माप. मी बँकेत आयुष्यभर लोकांच्या सह्या तपासल्या आहेत, कुणाही ऐऱ्यागैऱ्याला घरात घेणारा नाही. शिवाय माझी अडचण खरी होती, ती त्याने तयार केली नव्हती.

खोली दहा बाय दहा, उंची साडेनऊ फूट. स्पीकर चांगले. पण तबला सुरू झाला की डग्ग्याच्या प्रत्येक घावाला खोली घुमायची आणि किशोरीताईंचा आवाज त्याखाली गाडला जायचा. याचं कारण आता मला तोंडपाठ आहे. आवाज सेकंदाला साधारण 344 मीटर जातो. 56 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 56 कंपनांच्या लाटेची लांबी 20 फूट, म्हणजे तिचा बरोबर अर्धा भाग दहा फुटांत बसतो आणि दोन भिंतींमध्ये ती अडकून राहते. माझ्या खोलीची लांबीही दहा, रुंदीही दहा, त्यामुळे तोच आकडा दोनदा, आणि उंचीचा 59 च्या आसपास. तिन्ही एकाच ठिकाणी गोळा. चौरस खोली गाण्याला सगळ्यात वाईट म्हणतात ती यासाठी. खोली मी बांधलेली नाही, बिल्डरने बांधली.

आता दीड इंची फोम त्या लाटेचं काय वाकडं करणार? फोम आवाज शोषतो तो हवा हलते तिथे. भिंतीला चिकटून हवा हलतच नाही, आणि 56 हर्ट्झची हवा सर्वांत जास्त हलते भिंतीपासून पाच फुटांवर. म्हणजे माझ्या खोलीच्या मधोमध. भिंतीवरच्या पातळ फोमने फक्त वरचे सूर खाल्ले. तंबोऱ्याची जवारी मेली, सतार गोणपाटाखाली ठेवल्यासारखी वाजायला लागली, आणि डग्गा होता तसाच घुमत राहिला. कोपऱ्यातले ‘बास ट्रॅप’ म्हणजे त्याच फोमचे त्रिकोणी तुकडे.

त्याने प्रयोगशाळेचा दाखला दाखवला होता, एनआरसी 0.95. दाखला बहुधा खराही असेल, म्हणून तर जास्त संताप येतो. एनआरसी म्हणजे 250, 500, 1000 आणि 2000 हर्ट्झला किती आवाज शोषला याची सरासरी. 250 च्या खाली काय होतं ते त्यात नसतंच! कुणी हा आकडा तोंडावर फेकला तर 125 ला किती आणि 63 ला किती, एवढंच विचारा.

आता तो क्षण. मी रोज रात्री तो आठवून दात खातो.

काम सुरू करण्याआधी त्याने सोफ्यावर मोबाइल ठेवून आवाज सोडला आणि आलेख दाखवला. 56 च्या जागी डोंगर. फोम लागल्यावर पुन्हा मोजायचं होतं. तेव्हा तो म्हणाला, ‘काका, मागच्या भिंतीवर पॅनल लावलेत, सोफा जरा पुढे घेऊ या, घासायला नको.’ त्याने एक टोक धरलं. दुसरं टोक मी धरलं. मीच! अडीच फूट पुढे घेतला. मग जाता जाता स्पीकरही कोपऱ्यातून हात-दीड हात बाहेर ओढले, ‘वायर तपासतो’ म्हणून. पुन्हा आवाज सोडला, आणि डोंगर गायब. कानालाही फरक जाणवला, खोटं का बोलू. मी खुशीने उरलेले पैसे यूपीआयने तिथेच दिले.

भिंतीपाशी हा घुमारा सर्वांत जास्त, खोलीच्या मध्याकडे सरकावं तसा कमी. डोकं भिंतीपासून एक फुटावर होतं ते साडेतीन फुटांवर आलं की साधारण सहा डेसिबल असेच उतरतात. फुकट. फोम न लावता. तो गेला, संध्याकाळी बाल्कनीचं दार उघडेना म्हणून सोफा आम्ही मागे लोटला, आणि डग्गा परत घुमायला लागला.

आलेखातही लबाडी. पहिल्या आलेखात उभ्या रेघेवर आकडे पाच-पाचच्या अंतराने, दुसऱ्यात वीस-वीसच्या. वर रेघ घोटून गुळगुळीत केलेली. ताळेबंदातली एका पैशाची चूक मी शोधून काढायचो, पण इथे कानाला बरं वाटत असताना आकड्यांकडे कोण बघतं? तुम्हीही बघितलं नसतं. पुढे एका मित्राच्या मुलाने मोजणीचा माइक आणून रूम ईक्यू विझार्डवर नीट मोजलं. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फोम लावून आणि काढून, 100 हर्ट्झच्या खाली दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या.

कुणी मोजायला आला तर सोफा आणि स्पीकर कुठे आहेत ते फरशीवर खडूने आखून ठेवा. आधीची आणि नंतरची मोजणी त्याच जागी, त्याच मापावर. आलेखाची फाइल मागून घ्या, फोटो नको.

त्याने ‘खाली आवाज जाणार नाही’ असंही सांगितलं होतं. हे तर निव्वळ थोतांड. आवाज अडवायला वजन लागतं, जाड भिंत लागते, दाराच्या फटी बुजवाव्या लागतात. फोमवर फुंकर मारली तर ती आरपार जाते. खालच्या काकू अजूनही साडेनऊला फोन करतात.

‘फोम आग धरत नाही’ हेही त्याचंच वाक्य. एक तुकडा बाल्कनीत लोखंडी घमेल्यात पेटवून पाहिला. भडकला, काळा धूर, वितळून ठिबकायला लागला. 2003 साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या ‘द स्टेशन’ नाइटक्लबमध्ये भिंतीवरच्या अशाच पॉलियुरेथेन फोमने पेट घेतला आणि 100 माणसं गेली. 2013 ला ब्राझीलच्या ‘किस’ नाइटक्लबमध्ये 242. मी हे नातवंडांच्या खोलीशेजारी चिकटवून घेतलं होतं. अग्निचाचणीचा कागद मागा, नसेल तर दारातूनच परत पाठवा.

आता साहेब लोकांचं. चौकीत गेलो. ‘स्पीकरची तक्रार आहे’ म्हटल्यावर हवालदाराने ध्वनिप्रदूषणाचा अर्ज पुढे केला आणि कोण मोठ्याने लावतंय ते विचारलं. मीच लावतो म्हटलं. मग त्यांच्या साहेबांकडे. ‘काका, फोम दिला ना? भिंतीवर लावला ना? मग फसवणूक कशी? सिव्हिल मॅटर आहे.’ लेखी द्या म्हटलं तर लेखी देत नाहीत. अर्ज घेतला, पोच दिली नाही. बँकेत गेलो, ज्या व्यवसायात मी केस पांढरे केले तिथे. काउंटरवरची मुलगी म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय, तक्रार बसत नाही.

मग घरी बसून पावती बारकाईने पाहिली. जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होतो, महाराष्ट्राचा, बरोबर. अक्षरं मोजली तर चौदा. असायला हवीत पंधरा! म्हणजे 12,384 रुपये कर म्हणून घेतले ते सरकारकडे गेलेच नाहीत. मला वाटलं, सरकारचा पैसा बुडालाय म्हटल्यावर तरी कुणी उठेल. कर कार्यालयात या टेबलावरून त्या टेबलावर, जेवणाची सुट्टी, साहेब दौऱ्यावर, शेवटी ‘ऑनलाइन टाका’. ऑनलाइन अर्ज उघडला. त्यात ठगाचा जीएसटी क्रमांक सक्तीचा, आणि चौदा अक्षरी क्रमांक तो घेईना. क्रमांक खोटा आहे ही तक्रार करायला खरा क्रमांक पाहिजे! हे परत जाऊन सांगितलं तर समोरचा गृहस्थ म्हणाला, ‘मग तक्रार होऊच शकत नाही.’ आणि पुढच्याला हाक मारली.

पावती हातात पडताच पंधरा अक्षरं मोजा आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे. पैसे पूर्ण आगाऊ देऊ नका. खरंच घुमणं कमी करायचं असेल तर आधी सोफा आणि स्पीकर सरकवून बघा. मग कोपऱ्यांत चार-सहा इंच जाडीचे रॉकवूलचे, म्हणजे दगडापासून काढलेल्या लोकरीसारख्या तंतूंचे स्लॅब, कापड लावून, भिंतीपासून अंतर सोडून. नुसता खणखणाट असेल तर गोधड्या, पडदे, भरलेलं पुस्तकांचं कपाट पुरतं. यात गुपित काहीच नाही. हार्वर्डचा भौतिकशास्त्रज्ञ सॅबाइन 1895 पासून शेजारच्या थिएटरातल्या गाद्या रात्री वाहून आणून त्या खोलीतला आवाज किती शोषतात हेच मोजत बसला होता.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. ही माहिती एकाही कार्यालयाने दिली नाही, स्वतः वाचून काढली. तक्रार टाकली आहे. फोम उपटताना गोंदाबरोबर पुट्टीही निघाली, रंगाऱ्याने 9,200 सांगितलेत, तेही मागणीत धरले आहेत.

त्या माणसाने नंबर बदललाय, धंदा चालूच आहे. पुण्यात कुणाकडे चौदा अक्षरी जीएसटी क्रमांकाची अशी पावती असेल तर फेकू नका, मला कळवा. आयोगाच्या परवानगीने अनेकांची मिळून एकच तक्रार करता येते.