सिलिका टोल्यूइनमध्ये: वाळवून की न वाळवता?

पाण्यातले सिलिकाचे सूक्ष्म कण टोल्यूइन या द्रावकात न्यायचे, तर दोन वाटा आहेत. सिलेन (कणांच्या पृष्ठभागाला जोडलं जाणारं सिलिकॉनचं संयुग) चढवलेली सिलिका वाळवून पूड केली की तोलायला, साठवायला सोपी जाते. पण वाळताना कण एकमेकांकडे ओढले जातात. पृष्ठभागावर उरलेल्या सिलॅनॉल (Si–OH) गटांत सिलोक्सेन (Si–O–Si) बंध जुळले, की ते गठ्ठे अल्ट्रासोनिक लहरींनीही सहसा सुटत नाहीत.

न वाळवता द्रावक बदलणं वेळखाऊ आहे. पाणी आणि टोल्यूइन मिसळत नाहीत, म्हणून मध्ये आयसोप्रोपेनॉल लागतं. मग रोटरी इव्हॅपोरेटरवर (कमी दाबाखाली फ्लास्क फिरवत द्रावक उडवणारं यंत्र) थोडंथोडं टोल्यूइन घालत आयसोप्रोपेनॉल काढायचं, फ्लास्क कोरडा पडू न देता. 20 नॅनोमीटरच्या कणांसाठी मी हीच वाट धरीन. उजेडात धरल्यावर पारदर्शक, किंचित निळसर दिसलं तर जमलं. दुधाळ दिसलं तर गठ्ठे झालेत. हेक्सामिथिलडायसिलाझेनने सिलॅनॉल नीट झाकले असतील, तर मात्र पूडही चालते.