टर्बो पेट्रोल गाडीला एलपीजी: वाफेचं किट की द्रव इंजेक्शन?

टर्बो आणि एलपीजी यांचं मुळातच छान जमतं. गॅसचा ऑक्टेन, म्हणजे इंधनाचा अवेळी भडका न उडू देण्याची क्षमता, १००च्या पुढे, त्यामुळे भर उन्हात, चढणीवर, जिथे पेट्रोलवर ईसीयू (इंजिनाचा संगणक) नॉक, म्हणजे तोच अवेळी भडका, टाळण्यासाठी ठिणगीचं टायमिंग मागे ओढतो, तिथे गॅसवर इंजिन मोकळेपणाने ओढतं. लिटरमागे ऊर्जा कमी असल्याने २०-२५ टक्के जास्त लिटर जातात, पण ते दोन्ही किटांना सारखंच लागू आहे. तेव्हा गॅस बसवायचं ठरलंच असेल तर खरा प्रश्न एवढाच, की गॅस इंजिनात वाफ होऊन जावा की द्रवरूपात. जुनं मिक्सरचं किट मी विचारातच घेत नाही. बूस्टखालच्या (टर्बोने वाढवलेल्या दाबाखालच्या) मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, गॅस-हवेचं मिश्रण भरून ठेवणं म्हणजे बॅकफायरला बोलावणं.

मी दोन्ही वापरली आहेत, वेगवेगळ्या गाड्यांवर, आणि दोन्ही गाड्या पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे इंधन सिलिंडरच्या बाहेर, इनटेकच्या तोंडाशी सोडणाऱ्या. आधी वाफेचं सीक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला त्याच्या पाळीने गॅस देणारं) किट, आता द्रव.

वाफेच्या किटबद्दल रोजच्या वापरात माझी काहीच तक्रार नव्हती. सपाट रस्त्यावर, शहरात, गाडी कशावर चालली आहे हे बटणाकडे बघितल्याशिवाय कळायचं नाही. त्रास व्हायचा तो ओव्हरटेकला. गाडी भरलेली, समोर ट्रक, रस्ता मोकळा दिसला म्हणून पाय दाबला, बूस्ट चढला, गाडीने खेच घेतली आणि नेमक्या त्या क्षणी बझर वाजून किट पेट्रोलवर परत. मध्ये एक छोटीशी पोकळी, मग पुन्हा खेच. डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपणारी गोष्ट, पण तेव्हा आपण समोरून येणाऱ्यांच्या बाजूला असतो.

यात किट चुकत नाही, हे मान्य करायला हवं. बूस्ट चढला की इंजिन एकदम कितीतरी जास्त गॅस मागतं. तेवढा द्रव गॅस रेड्यूसरने त्याच क्षणी वाफ करून द्यायचा, तोही कूलंटच्या उष्णतेवर. तो कमी पडला की गॅसचा दाब घसरतो. दाब घसरूनही गॅसवरच चालू ठेवलं तर मिश्रण लीन होतं (हवा जास्त, गॅस कमी), एक्झॉस्ट तापतो आणि व्हॉल्व्ह नि टर्बो दोघांचं आयुष्य घटतं. म्हणजे पेट्रोलवर परत जाणंच शहाणपणाचं.

उपाय केले. मोठ्या क्षमतेचा रेड्यूसर बसवला, फिल्टर बदलले, मॅपिंग (कधी किती गॅस सोडायचा याची मांडणी) पुन्हा केलं. फरक पडला, बराच पडला. मग गाडी इंजेक्टरच्या नोझलवर अडली. ६००० आरपीएमला इंजिनाचं एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत संपतं, आणि सगळा गॅस त्याच्या आत ओतायचा असतो. त्यासाठी नोझल मोठं केलं की आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) इंजेक्टर इतका थोडा वेळ उघडतो की माप नीट राहत नाही, आणि सिग्नलला गाडी थरथरते. नोझल लहान केलं की वर गॅस अपुरा. टर्बो गाडीत आयडल आणि पूर्ण बूस्ट यांतलं अंतर मोठं असतं, म्हणून ही ओढाताण साध्या इंजिनापेक्षा जास्त जाणवते. किट बसवणाऱ्याने मनापासून मेहनत घेऊन मधला मार्ग काढून दिला. तरी थंडीतल्या सकाळी, कूलंट नुकताच गॅसवर जाण्याइतका गरम झालेला असताना, तो बझर अधूनमधून वाजायचाच.

द्रव किटमध्ये रेड्यूसरच नाही. टाकीतला पंप गॅस द्रवरूपातच इंजेक्टरपर्यंत ढकलतो आणि त्याची वाफ इनटेकच्या तोंडाशी होते, त्यामुळे आत जाणारी हवाही थंड होते. माझ्याकडे डायनोचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद नाही. पायाला जे कळतं ते असं, की वरच्या आरपीएमला खेच पेट्रोलच्या तोडीची आहे आणि मध्ये कुठे खंड पडत नाही.

दोष याचेही आहेत. पंप टाकीच्या आत, त्याची बारीक घरघर मागच्या सीटवर ऐकू येते. गॅस अस्वच्छ असेल तर आधी तोच मरतो, आणि बदलायचा तर टाकी रिकामी करावी लागते. टाकी कोरडी होईपर्यंत गाडी पळवायची सवय असेल तर ती सोडावी लागेल. तापलेली गाडी थोडा वेळ थांबवून पुन्हा चालू केली की बॉनेटखालच्या नळ्यांत गॅसचे बुडबुडे झालेले असतात. ते टाकीकडे परत जाईपर्यंत गाडी थोडी कुरकुरते किंवा पेट्रोलवर चालते. पण हे उभ्या गाडीचं दुखणं आहे, म्हणून मला चालतं. शिवाय किट महाग, आणि हात घालणारे मेकॅनिक मोजकेच. वाफेच्या किटला लॅपटॉप घेतलेला जवळपास कुठलाही गॅसवाला हात लावू शकतो, ही त्याची फार मोठी जमेची बाजू आहे. गाडी मुख्यतः शहरात फिरत असेल आणि इंजिनाची ताकद कंपनीने दिली तेवढीच ठेवायची असेल, तर तेही पुरेसं ठरावं.

डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन असेल तर मात्र हिशेब बदलतो. तिथे पेट्रोलचे इंजेक्टर थेट ज्वलनकक्षात असतात. ते थंड राहावेत म्हणून वाफेच्या किटला गॅसवर असतानाही थोडं पेट्रोल सोडत राहावं लागतं, आणि बचतीतला तेवढा वाटा जातो. मूळ हायप्रेशर पंप आणि इंजेक्टरमधूनच द्रव गॅस सोडणारी किटंही असतात, पण ती त्या ठरावीक इंजिनासाठीच बनवलेली असावी लागतात. आपला इंजिन कोड त्यांच्या यादीत आहे का, हे आधी बघा.

वाफेचं किट घ्यायचं ठरवलंत, तर रेड्यूसर गाडीच्या मूळ ताकदीच्या बराच वरचा मागा. गाडी ताब्यात घेण्याआधी बसवणाऱ्याला लॅपटॉप जोडून शेजारी बसवा, तिसऱ्या गिअरमध्ये मोकळ्या चढणीवर पाय पूर्ण दाबा, आणि त्याला गॅसचा दाब आणि इंजेक्टरची वेळ वाचायला सांगा. इंजिन गार असताना एकदा, तापल्यावर एकदा.