नाईट क्रिकेटचे खाण्याचे स्टॉल : तर्री पोहे पास, फ्राइड राइस नापास, बर्फाचं तर विचारूच नका

आधी निकाल सांगून टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढं वाचून निघा. तर्री पोहे (पोह्यांवर चण्याचा झणझणीत रस्सा) खा, पॉपकॉर्न खा, समोसा खा पण चटणी नको, फ्राइड राइस आणि उसाचा रस लांबूनच बघा. एकूण पाचपैकी अडीच स्टार, त्यातला दीड एकट्या पोहेवाल्या काकांचा.

मैदानाचं आणि स्टॉलवाल्यांचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, सगळे छोटे धंदेवाले आहेत, हंगामात चार पैसे कमवायला येतात आणि मला कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये. तसंही नागपुरात फ्लडलाइट लावून कुठेही टूर्नामेंट असली की थोड्याफार फरकानं हेच स्टॉल, हीच ताडपत्री, हाच मेन्यू. माझी स्वतःची छोटी मेस आहे, पोरापोरींचे डबे जातात, त्यामुळे कुठल्याही स्टॉलसमोर उभी राहिले की मी रेट नंतर वाचते, आधी पुसायचं फडकं बघते. भाचा म्हणतो मावशी तू मॅच बघायला येते का धाड टाकायला.

आता मैदानावरच्या खाण्याचा खरा घोळ काय आहे ते ऐका, कारण लोक उगाच "घाण आहे घाण आहे" करतात आणि मुद्दा सोडून देतात. घोळ आहे टाइमचा. पहिल्या इनिंगला स्टॉलवर कुत्रं फिरकत नाही आणि मग इनिंग ब्रेक झाला की पंधरा-वीस मिनिटांत अख्खी गॅलरी खाली उतरते. त्या वीस मिनिटांसाठी स्टॉलवाला सगळं आधीच शिजवून, तळून, कापून ठेवतो, न ठेवून करणार काय, तेव्हा तळायला घेतलं तर अर्धं गिऱ्हाईक परत वर जाईल. म्हणजे जे तुम्ही ब्रेकमध्ये खाता ते बऱ्याचदा दीड-दोन तास नुसतं कोमट पडून राहिलेलं असतं. आणि नियम तर सरळ आहे, मेसचं रजिस्ट्रेशन केलं तेव्हापासून पाठ आहे, गरम पदार्थ 60 अंशांच्या वर ठेवायचा, थंड पदार्थ 5 अंशांच्या खाली, मधल्या पट्ट्यात जंतूंची दिवाळी. आणि गेटवर तुमची बाटली आणि डबा काढून घेतात (मोठ्या मॅचला तर बहुतेक ठिकाणी), मग चार तास तुम्ही या स्टॉलच्याच हवाली, बाहेर जाऊन सदर भागात खाऊन येतो म्हटलं तर परत आत घेत नाहीत.

सगळ्यात जास्त गर्दी फ्राइड राइसच्या स्टॉलवर आणि तोच सगळ्यात वाईट. भात दुपारीच घरून शिजवून आणलेला, मोठ्या निळ्या प्लास्टिकच्या टबमध्ये दाबून भरलेला, वरून ओलं फडकं. ऑर्डर आली की हातानंच दोन मुठी कढईत, सोया सॉस, मोठी आच, ज्वाळा वर जातात, पोरं व्हिडिओ काढतात. बाजूला एक दादा बायकोला सांगत होते की एवढ्या आगीत कोणता जंतू वाचते. दादा, जंतू मरतो, पण त्यानं आधी करून ठेवलेलं विष मरत नाही न. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असतो, त्याचे बीजाणू भात शिजवतानाही टिकतात, मग भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि उलटी करवणारं विष तयार करतात, ते विष परत परतून, फोडणी देऊन, काही करून जात नाही. एक ते सहा तासांत उलट्या सुरू होऊ शकतात, म्हणजे मॅच संपली, घरी पोचलात, लाइट बंद केला, आणि मग. मेसमध्ये मी उरलेला भात पसरट परातीत काढून लवकर गार करते आणि लगेच फ्रिजमध्ये टाकते. टबमध्ये दाबलेला भात मधोमध तर तासन्‌तास कोमटच राहतो. एक स्टार पण नाही.

रोलच्या स्टॉलचं वेगळंच नाटक. एलईडी लाइट, काळे ॲप्रन, डोक्यावर टोपी, हातात ग्लोव्हज, मी पण पहिल्यांदा खूश झाले. पण दहा मिनिटं बाजूला उभी राहिले. त्याच ग्लोव्हजनं पनीर उचललं, त्याच ग्लोव्हजनं सुट्टे पैसे मोजले, फ्रिजचं हँडल, मालकाचा फोन, मग कपाळाचा घाम, मग परत कोबी. अंगठ्याचं टोक मसाल्यानं पिवळंधमक झालेलं आणि तिथंच फाटलेलं, नख बाहेर दिसत होतं. ग्लोव्हज म्हणजे गिऱ्हाईकाला दाखवायला नसतात, ते पैशाला हात लागला की बदलायचे असतात, नाहीतर साबणानं धुतलेला उघडा हात परवडला. माणसाच्या नाकात आणि कातडीवर स्टॅफ म्हणून जंतू असतो, हातावरून अन्नात जातो, आणि त्याचंही विष गरम केल्यानं जात नाही. मेयोनीजच्या बाटल्या तव्याच्या बाजूलाच गरमीत उभ्या. अंड्याचं आहे का विचारलं तर पोरगा म्हणे "व्हेज आहे मॅडम" आणि डबा दाखवला, एवढं बरं केलं. (कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणानं 2024 मध्ये वर्षभराची बंदी घातली होती, उगाच नाही.) चवीला रोल चांगला, खोटं कशाला बोलू, पण 120 रुपयात मला दुसऱ्याचा घाम नको. एक स्टार, तो पण डब्यावरचं लेबल दाखवल्याबद्दल.

आता पोहेवाले काका. ताडपत्री फाटकी, लाइट एकच, बोर्ड हातानं लिहिलेला, बघून कोणी म्हणणार नाही की इथं सगळ्यात सुरक्षित खायला मिळते. पण बघा काय करतात. तर्रीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, पूर्ण वेळ बर्नरवर, नुसता गरम नाही, बुडबुडे येत असलेला, चणे त्यातच. पोहे एकदम डोंगर करून ठेवत नाहीत, काकू मागं बसून थोडे थोडे भिजवतात, कढईत जातात, संपत आले की दुसरी खेप. पैसे आणि क्यूआर सगळं सून बघते, काका पैशाला हात लावतच नाहीत. वाढायला झारा, द्यायला द्रोण, पेपर नाही. पेपरात तेलकट खाणं बांधायला, वाढायला मनाई आहे, शाईतलं काय काय अन्नात उतरतं, तरी समोसेवाला अजून कालच्या बातम्यांवरच समोसे देतो. काकांच्या मागच्या खांबाला एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) रजिस्ट्रेशन टांगलेलं, 14 आकडी नंबर दिसेल असा. मी भरली तेव्हा छोट्या धंद्याला वर्षाची फी 100 रुपये होती, म्हणजे पैशामुळे राहिलं असं कोणी सांगू नये, बाकी स्टॉलवर मला एकही नंबर दिसला नाही.

एकच खटकलं, चिरलेला कांदा उघडा आणि वर फ्लडलाइटचे किडे. म्हटलं, "काका, कांदा झाका न."

"झाकतो न बाई, गर्दीत सुचते का आपल्याले," म्हणाले आणि तिथंच एक ताट उचलून वर ठेवलं. पुढच्या वेळी गेले तर ताट आधीपासून होतं. याला म्हणतात धंदा.

पण काकांकडेही ब्रेकमध्ये जाऊ नका, तेव्हा तेही गर्दीपुढे हरतात, पोहे एकदम दोन-तीन खेपांचे करून ठेवतात आणि ते गार होतात, वर उकळती तर्री पडते म्हणून भागून जाते. पंधराव्या ओव्हरच्या आसपास खाली उतरा, पाच मिनिटात मिळते, विकेट पडली तर आवाजावरून कळतेच.

समोसा डोळ्यांसमोर कढईतून निघत असेल तर जंतूंच्या हिशोबानं बराच सुरक्षित, तेवढ्या गरम तेलात जंतू सहसा टिकत नाहीत. तेलाची मात्र बोंब आहे, काळपट झालेलं, फेस येत असलेलं, त्यातच नवीन ओतत जातात. तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड (तेल परत परत तापवल्यानं त्यात तयार होणारे खराब घटक) 25 टक्क्यांच्या वर गेले की ते फेकायचं असा नियम 2018 पासून आहे, पण ते मोजायचं मशीन कोण घेऊन बसणार, आपल्याजवळ डोळा आणि नाक. आणि हिरवी चटणी! बादलीत मगानं पाणी ओतून वाढवत होता, पाणी कुठलं तर मागच्या टँकरच्या पाइपाचं. समोसा गरम, चटणी कच्ची, मग उपयोग काय. दोन स्टार, चटणी न घेता.

उसाचा रस. बर्फाची लादी बोऱ्यात गुंडाळून जमिनीवर, लोखंडी सळईनं तिथंच फोडायची, तुकडे हातानं उचलून गाळणीत. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं 2018 मध्ये खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायला सांगितलं होतं, लोकांना ओळखता यावा म्हणून. ही लादी पांढरी होती, पण पांढरी लादी मातीत लोळवल्यावर तिचा रंग बघून काय करू मी. बिनबर्फाचा द्या म्हटलं तर म्हणे "बिना बर्फाचा गरम लागते न ताई". नाही घेतला. त्यापेक्षा बाहेर एक आजी संत्री घेऊन बसते, फेब्रुवारीत मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली) आलेली असतात, गेटवर संत्र अडवलं नाही (बाटली अडवतात, संत्र नाही, लॉजिक विचारू नका), साल आपणच काढायची, याहून सुरक्षित पॅकिंग जगात नाही.

आता आयोजकांना. स्टॉलवाल्यांना शिव्या देऊन मोकळं होता येत नाही, कारण सगळ्या स्टॉलच्या रांगेत हात धुवायला एक नळ नाही. संडास मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, तिथल्या बेसिनवर साबण नाही, मग रोलवाला पोरगा तिकडून येऊन काय करणार, ॲप्रनला हात पुसणार आणि कामाला लागणार. भाडं मात्र स्टॉलवाल्यांकडून रोजचं घेतात. त्या भाड्यात दोन टाक्या, चार लिक्विड सोपच्या बाटल्या आणि झाकणाचे डस्टबिन बसत नाहीत का? कचऱ्याचे ड्रम ब्रेकनंतर ओसंडतात आणि मग कुत्री येतात, एक तर चक्क भाताच्या टबाशी नाक लावून उभं होतं.

आणि कोणी म्हणू नका की आपल्याकडेच असं. अमेरिकेच्या ईएसपीएन या स्पोर्ट्स चॅनलनं 2018 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या प्रोफेशनल टीमच्या 111 मैदानांचे तपासणी अहवाल काढले होते, 2016 आणि 2017 चे, तर जवळपास 28 टक्के मैदानांवर निम्म्या किंवा जास्त खाण्याच्या काउंटरवर गंभीर त्रुटी निघाल्या होत्या. फरक एवढाच की तिकडे प्रत्येक काउंटरची तपासणी होऊन कागदावर लिहिलेली होती म्हणून कोणाला तरी ती मोजता आली. इथं मी मोजायला बसले तर माझ्याकडे आहे काय, फोनमधले फोटो.

पाण्याचं छोटंसं. 20 छापलेली बाटली 30 ला, विचारलं तर "कूलिंगचे दहा". छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, कूलिंग-बिलिंग काही नसतं. मी 20 च दिले, तो बडबडला, दिली. झाकणाचं सील बघून घ्या, माझ्या पुढच्या मुलीला मिळालेल्या बाटलीचं सील आधीच तुटलेलं होतं, तिनं बदलून मागितली तर मुकाट्यानं बदलून दिली, म्हणजे त्यालाही माहीत होतं.

कोणाला खरंच त्रास झाला तर नुसतं स्टेटस टाकू नका, अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर आहे 1800222365. किती वाजता खाल्लं, काय खाल्लं, किती तासांनी उलटी झाली आणि स्टॉल गेटपासून कितवा, एवढं लिहून ठेवा, बिल तर कोणी देतच नाही म्हणून पेमेंटचा स्क्रीनशॉट जपा.

पोहे 30 रुपये प्लेट, एक्स्ट्रा तर्री फुकट. स्टॉल गेटमधून आत आल्यावर डावीकडे, जनरेटरच्या पुढचा. दुसऱ्या इनिंगच्या शेवटी तर्री संपते, काका पाणी घालून वाढवत नाहीत, "झाली" म्हणतात आणि गॅस बंद करतात.