जुन्या मिनी ट्रॅक्टरची लिफ्ट: दिवाळीपासून मृग बहारापर्यंत वापरल्यावर

मोहोळ तालुक्यात आमची डाळिंबाची बाग आहे, लागण १४ बाय १० फुटांवर. मोठा ट्रॅक्टर आत घातला की फांद्या मोडतात, म्हणून गेल्या दिवाळीनंतर २४ एचपीचा वापरलेला मिनी ट्रॅक्टर घेतला. इंजिन दमदार आहे, डिझेल कमी खातो, ओळीच्या टोकाला थोडक्या जागेत वळतो. त्यात मी समाधानी आहे. सविस्तर लिहायचंय ते हायड्रोलिकबद्दल, म्हणजे ऑइलच्या दाबावर मागचे हात वर करून अवजार उचलणाऱ्या लिफ्टबद्दल, कारण जुन्या ट्रॅक्टरवाल्यांचे सगळ्यात जास्त पैसे विनाकारण तिथेच जातात.

थंडीत लिफ्ट बरी चालली. मार्चमध्ये सोलापूरचं ऊन सुरू झालं आणि फरक पडला. सकाळी रोटाव्हेटर झटक्यात वर जायचा. दुपारी मशीन तापलं की अर्ध्यातच थांबायचा, आणि वर गेलाच तर उचक्या देत राहायचा. शिवाय पंपाचा रडका आवाज. या वर्गातले ट्रॅक्टर साधारण ७५० किलो उचलतात, आमचा छोटा रोटाव्हेटर त्याच्या निम्माही नाही. म्हणजे दोष वजनाचा नव्हता.

मिस्त्रींनी आवाज ऐकूनच सांगितलं, "मालक, पंप गेलाय. नवीन टाका." आमच्याकडे लिफ्ट बिघडली की पहिलं बोट पंपावरच जातं. पण पंप हा सगळ्यात महाग भाग, त्यामुळे तो सगळ्यात शेवटी उघडायचा, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात ऑइलपासून करा. अशा बहुतेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्टला एकच ऑइल असतं. सपाट जागेवर, लिफ्ट पूर्ण खाली सोडून डिपस्टिक बघा. लिफ्ट वर असेल तर काही ऑइल सिलेंडरमध्ये अडकतं आणि पातळी कमी दिसते. आमचं ऑइल दुधाळ झालं होतं. दोन थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकले तर तडतडले, म्हणजे पाणी. गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं होतं, धुताना पाणी तिथून आत जात होतं. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलंय तेच भरा. इंजिन ऑइल भरू नका. ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असतील तर तेही बिघडतात.

मग सक्शनची, म्हणजे पंप ऑइल ओढतो त्या बाजूची जाळी. ती तुंबली की पंपाला ऑइल पुरत नाही आणि तो ओरडतो. जाळीपेक्षा चकवणारी गोष्ट म्हणजे सक्शन पाइपच्या जॉइंटची ओ-रिंग, म्हणजे रबरी गोल कडं. ती कडक झाली तरी बाहेर थेंबही गळत नाही, कारण तिथे ऑइल बाहेर पडत नाही, हवा आत ओढली जाते. डिपस्टिकवर फेस दिसतो. इंजिन चालू असताना त्या जॉइंटभोवती जाड ग्रीस लावलं आणि आवाज उतरला, तेव्हा जागा सापडली. ओ-रिंग, जाळी, रबर आणि ऑइल बदलल्यावर दुपारीही रोटाव्हेटर पूर्ण वर जाऊ लागला. पंपाला हातही लावला नाही.

उचक्या मात्र राहिल्या. त्या पंपामुळे येतच नाहीत. वर धरलेलं ऑइल कुठूनतरी निसटतं, हात थोडे खाली येतात, कंट्रोल व्हॉल्व्ह ते पुन्हा उचलतो, असं चालू राहतं. कुठून निसटतंय हे सीटखालच्या, अवजार उतरायचा वेग कमीजास्त करायच्या नॉबवरून कळलं. आमच्या ट्रॅक्टरमध्ये तो घट्ट बंद केला की सिलेंडर व्हॉल्व्हपासून वेगळा पडतो. अवजार वर उचलून नॉब बंद केला, इंजिन बंद केलं, जमिनीपासून उंची मोजून ठेवली. तरीही अवजार उतरत होतं, म्हणजे गळती सिलेंडरच्याच बाजूला. उतरायचं थांबलं असतं तर व्हॉल्व्ह उघडावा लागला असता. पिस्टनची ओ-रिंग चपटी होऊन कडक झालेली निघाली. नवी टाकताना तिला आधार देणारी बॅकअप रिंग दाबाच्या विरुद्ध बाजूला बसली आहे ना, हे स्वतः उभं राहून बघा.

खोलण्याआधी अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करून लिव्हर वरखाली करा, दाब निघू द्या. उचललेल्या अवजाराखाली कधीही शिरू नका. दाबाच्या पाइपची बारीक गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. दाबातलं ऑइल कातडीतून आत गेलं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठायचा, उशीर झाला तर बोटही जातं.

एवढं करूनही लिफ्ट कमजोर राहिली तर प्रेशर गेज लावा, आकडा मॅन्युअलशी जुळवा, आणि पंपाआधी जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह तपासा. त्यात वायसर टाकून दाब वाढवून देणारे भेटतील. ते करू देऊ नका, होज फुटतो आणि पंप खरंच जातो.

मृग बहारात, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेल्या बहारात, तेल्या रोगामुळे फवारण्या लागोपाठ होत्या. २०० लिटरची टाकी भरून ब्लोअर लिफ्टवर होता, कुठे अडलं नाही. तक्रार एकच: सुटे भाग लवकर मिळत नाहीत, म्हणून ओ-रिंगांचा एक जादा संच घरात ठेवलाय. तुम्ही असा ट्रॅक्टर बघायला गेलात तर मागे अवजार जोडायला लावा, तासभर चालवा आणि मशीन तापल्यावरच लिफ्ट तपासा. विकणारा बहुधा थंड मशीनवर रिकामे हात वरखाली करून दाखवतो, आणि त्यातून काहीच कळत नाही.