मुलांचे कपडे घरी शिवायचे, तर पॅटर्न कुठून घ्यावा?

मशीन आहे, सरळ टीप घालता येते, मुलासाठी कापडही आणून ठेवलं आहे. काम अडतं ते बेतण्यापाशी. बेतायला कागद, म्हणजे कपड्याच्या भागांचे आकार आखलेला पॅटर्न, मिळवण्याचे चार मार्ग आहेत: पाकिटातला छापील पॅटर्न विकत घेणं, इंटरनेटवरून पीडीएफ उतरवून घरी छापणं, मुलाला नीट बसणाऱ्या एखाद्या कपड्यावरून आकार काढून घेणं, किंवा मापं घेऊन स्वतः आखणं. चारही मार्गांनी कपडा तयार होतो, पण प्रत्येकात डोकेदुखी वेगळ्या जागी आहे. चित्रातल्या गोंडस फ्रॉककडे बघून ठरवण्यापेक्षा आपल्याला कुठली डोकेदुखी झेपेल ते बघून ठरवावं.

माझं मत आधीच सांगते. पहिला कपडा चड्डी किंवा पायजमा असेल तर कपड्यावरून आकार काढा. गळा आणि बाही आली की अनेक मापांची पीडीएफ घ्या. स्वतः आखणं काही कपडे शिवून हात बसल्यावरच. छापील पाकीट वाईट नाही, पण मुलांच्या बाबतीत ते मी सगळ्यांत शेवटी निवडेन.

वय नको, छाती बघा

पॅटर्नवर ठळक अक्षरात वय छापलेलं असतं आणि पहिली फसगत तिथेच होते. 'चार वर्षं' लिहिलेला कपडा चार वर्षांच्या एका मुलीला ढगळ होतो, तर दुसरीच्या खांद्यात अडकतो. युरोपीय पॅटर्नवर वयाऐवजी ९८, १०४, ११०, ११६ असे आकडे असतात. ते मुलाच्या उंचीचे सेंटिमीटर. एका मापातून पुढच्या मापात जाताना उंची ६ सेंमीने वाढते, पण छातीचा घेर जेमतेम एक-दोन सेंमीने. चार ते सहा वर्षांची मुलं वर्षाला साधारण ५ ते ७ सेंमी उंच होतात, म्हणजे वर्षभरात एक माप. त्यामुळे वर्षानंतर कपडा आखूड होतो, पण बऱ्याचदा घट्ट झालेला नसतो.

म्हणून रुंदी छातीवरून निवडायची आणि लांबी उंचीवरून. छाती १०४च्या मापाची आणि उंची ११६ची असेल, तर १०४चा आकार कापून धडाची आणि बाहीची लांबी वाढवायची. चांगल्या पॅटर्नवर त्यासाठी आडव्या दोन समांतर रेघा दिलेल्या असतात. त्यांच्यामधून कागद कापायचा आणि हवी तेवढी पट्टी मध्ये चिकटवायची. नुसतं खालून वाढवलं तर कंबर असलेल्या फ्रॉकची कंबर वरच राहते आणि फ्रॉक उसना आणल्यासारखा दिसतो.

इथे छापील आणि पीडीएफ दोन्ही पॅटर्न सरस ठरतात, कारण त्यांच्यासोबत मापांचा तक्ता येतो. त्यात दोन प्रकारचे आकडे शोधा: अंगाचं माप आणि तयार कपड्याचं माप. दोन्हींतला फरक म्हणजे कपड्यातला सैलपणा. साध्या कापडाच्या शर्टात छातीवर ८-१० सेंमी सैलपणा सहज असतो. तयार कपड्याचं माप दिलेलं नसेल तर कागदी तुकड्यांवर टेप लावून, माया (शिवणीसाठी कडेला सोडलेली जास्तीची जागा) वजा करून, ते स्वतः काढता येतं.

कपड्यावरून काढलेल्या आकाराला असा तक्ता नसतो. तो कपडा आज मुलाला जितका बसतो, तितकाच नवा बसेल. आणि आपण नेमका मुलाचा आवडता, रोज अंगात असलेला कपडा उचलतो, जो बहुधा आखूड व्हायच्या बेतात असतो. म्हणून लांबीला ३-४ सेंमी आणि एकूण घेराला एखाद-दोन सेंमी जास्त धरूनच आकार काढावा.

डोकं नावाची अडचण

स्वतः आखणाऱ्यांसाठी खूशखबर ही की मुलांचा मूळ खाका मोठ्यांपेक्षा सोपा असतो. छातीचे टक (आकार देण्यासाठी दुमडून शिवलेल्या चिमट्या) नाहीत, कंबरेला आकार नाही, छाती आणि कंबर यांच्या मापांत लहान मुलांमध्ये फारसा फरकही नसतो. छाती, खांदा, मानेच्या मणक्यापासून कंबरेपर्यंतची पाठ, बाहीची लांबी, बैठकीची उंची, एवढी मापं मिळाली की काम भागतं. मूल ती देण्याइतकं स्थिर उभं राहील का, हा प्रश्न वेगळा.

पण मोठ्यांचे कपडे मापांवरून आखायला शिकलेला माणूस मुलांच्या गळ्यात हमखास फसतो. दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ४८ सेंमी असतो, आणि छातीचा घेरही जवळजवळ तेवढाच. मान मात्र डोक्याच्या साधारण निम्मी. मानेच्या मापाने सुबक गोल गळा कापला तर तो कपडा डोक्यातून उतरणारच नाही. साध्या, न ताणणाऱ्या कापडात गळ्याची उघडझाप झालीच पाहिजे: पाठीवर काजबटण, खांद्यावर टिचबटणं, नाहीतर पुढे पट्टी. तयार पॅटर्नमध्ये हा विचार कुणीतरी आधीच केलेला असतो, आणि माझ्या मते तुम्ही पैसे मोजता ते मुख्यतः त्यासाठी. फुकटच्या पीडीएफमध्ये तो केलेला असेलच असं नाही. कापड कापण्याआधी गळ्याची कड टेप उभी धरून मोजा आणि मुलाच्या डोक्याच्या मापाशी ताडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

तसाच दुसरा भाग आसनाचा, म्हणजे चड्डीच्या दोन पायांमधल्या बैठकीच्या भागाचा. लंगोट वापरणाऱ्या बाळाच्या चड्डीला मागे जास्त उंची आणि जास्त फुगीरपणा लागतो. मोठ्या मुलाच्या चड्डीचा आकार नुसता लहान करून बाळाला चालत नाही. इथे कपड्यावरून काढलेला आकार बाजी मारतो, कारण बाळ जी चड्डी घालून आत्ता रांगतंय, तिच्यात हा हिशेब आलेलाच असतो.

कागदाचं काम

पाकिटातला पॅटर्न पातळ टिश्यू कागदावर येतो. उघडला की लगेच कापायला घेता येतो, हा त्याचा मोठा फायदा. एबेनेझर बटरिक यांनी १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली. त्याआधीचे पॅटर्न सहसा एकाच मापाचे असत आणि लहान-मोठं करणं शिवणाऱ्यावर सोडलेलं असे. आता एकाच कागदावर तीन-चार मापांच्या रेघा छापलेल्या असतात. तरी मुलांच्या बाबतीत पाकिटाची अडचण उरतेच: लहान मापावर एकदा कात्री चालवली की मोठी मापं गेली, आणि मूल तर मोठंच होणार. म्हणून मूळ कागद न कापता हवं ते माप दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यावं लागतं. मग 'उघडला की कापला' हा फायदा राहिला कुठे?

पीडीएफ पुन्हा हवी तेव्हा छापता येते. काही फाइलींमध्ये प्रत्येक माप वेगळ्या थरात असतं, म्हणजे फक्त आपल्याला हवी ती रेघ छापायची. किंमत कागद चिकटवण्याच्या रूपात मोजावी लागते. मुलाच्या शर्टाला ए-फोरचे पंधरा-वीस कागद सहज लागतात. ते कापून, खुणा जुळवून, चिकटपट्टीने जोडेपर्यंत अख्खी दुपार निघून जाते. छपाईच्या दुकानात ए-झिरो आकारात एकच मोठा कागद काढून घेता आला तर ही कटकट वाचते.

छापताना प्रमाण शंभर टक्केच ठेवा. 'पानावर बसवा' हा पर्याय चालू राहिला तर प्रिंटर गुपचूप आकार कमी करतो. तो ९७ टक्के झाला तर ६० सेंमी घेराचा कपडा १.८ सेंमीने आवळतो, शिवाय बाही, गळा, लांबी सगळंच त्या हिशेबात घटतं. पहिल्या पानावर तपासणीचा चौकोन असतो. फक्त तेवढं पान छापून चौकोन पट्टीने मोजा, मगच बाकीची पानं छापा.

कपड्यावरून आकार काढायला प्रिंटर लागत नाही, पण संयम लागतो. कपडा धुऊन, इस्त्री करून, मधोमध दुमडून कागदावर ठेवा आणि शिवणीशिवणीने टाचण्या टोचत आकार घ्या. पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळे काढायचे, कारण गळा पुढे खोल असतो आणि चड्डीची पाठ पुढच्या भागापेक्षा उंच असते. इलास्टिकचा नेफा पूर्ण ताणून धरावा, नाहीतर कंबर इतकी अरुंद येते की चड्डी कुल्ल्यांवरून चढतच नाही. बाही हा भाग सगळ्यांत अवघड: ती सपाट पसरतच नाही आणि मुंढ्याची (बाही खांद्याशी जोडली जाते त्या भागाची) गोलाई अंदाजाने काढावी लागते. म्हणूनच मी हा मार्ग चड्डी-पायजम्यापुरता सुचवते.

माया: कुठे आत, कुठे बाहेर

मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या छापील पॅटर्नमध्ये शिवणीची माया धरलेली असते आणि ती सहसा १.५ सेंमी असते. छोट्या स्वतंत्र डिझायनरांच्या पीडीएफमध्ये ती बऱ्याचदा १ सेंमी किंवा त्याहून कमी असते. बुर्डा या जर्मन शिवण-मासिकातल्या पॅटर्नच्या तक्त्यांवरून उतरवलेल्या आकाराला मायाच नसते, ती आपण घालायची. कपड्यावरून काढलेल्या आणि स्वतः आखलेल्या आकारांनाही तेच. मुलाच्या कपड्यात हा फरक मोठ्यांच्या कपड्यापेक्षा जास्त जाणवतो: दोन बाजूंच्या शिवणींत मिळून कापडाच्या चार कडा येतात, प्रत्येक कडेला अर्धा सेंमी चुकला तरी घेर २ सेंमीने बदलतो, म्हणजे एक अख्खं माप इकडचं तिकडे. सूचनांमधलं दुसरं काही वाचा अथवा नका वाचू, मायेची ओळ वाचाच.

लहान गळ्याच्या वळणावर १.५ सेंमी माया फार होते. तिथे शिवून झाल्यावर ती छाटून कात्रीने खाचा द्याव्या लागतात. बाजूच्या शिवणींना मात्र भरपूर माया असेल तर राहू द्या, पुढच्या वर्षी उसवून सोडता येते.

कापड आधी ठरवलं असेल तर

टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडासाठी केलेला पॅटर्न पॉपलिन किंवा कॅम्ब्रिकसारख्या न ताणणाऱ्या सुती कापडात शिवू नका. त्यात सैलपणा कमी धरलेला असतो, काही वेळा कपडा अंगाच्या मापापेक्षाही लहान बेतलेला असतो. कापड किती ताणलं जातं हे बघायला १० सेंमीची खूण करून आडवं ओढा. ते आरामात १३ सेंमीपर्यंत गेलं तर ताण ३० टक्के. पॅटर्नवर जेवढा ताण मागितला असेल तेवढा मिळाला पाहिजे. असं कापड शिवायला बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई आणि बारीक झिगझॅग लागते, नाहीतर मूल डोकं घालतानाच टीप तुटते. नवशिक्याने पहिला कपडा सुती, न ताणणाऱ्या कापडातच करावा. सुती कापड धुतल्यावर आटतं, तेव्हा बेतण्याआधी ते एकदा धुऊन वाळवा.

आजी-आत्यांच्या ट्रंकेतले जुने पॅटर्न मिळाले तर मला मोह होतो. त्यांच्यातली कॉलर आणि चुण्या आज कुणी इतक्या निगुतीने आखत नाही. पण टोपीला किंवा गळ्याला ओढायची नाडी असेल तर ती सरळ गाळा. खेळताना ती अडकून गळफास बसू शकतो. युरोपीय मानकांनुसार सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत डोक्या-गळ्याशी नाडी चालत नाही, आणि अमेरिकेतही १९९६पासून लहान मुलांच्या गळ्याशी नाडी न ठेवण्याची शिफारस आहे. जुन्या पॅटर्नमधला मोठ्या घेराचा, लवदार सुती कापडाचा रात्रीचा झगाही टाळा, त्याला आग चटकन लागते. मापांचे तक्तेही काळानुसार बदललेले असल्यामुळे जुन्या पाकिटावरचा आकडा न मानता कागद मोजा.

पॅटर्न कुठलाही निवडा, पहिल्यांदा जुन्या चादरीत शिवून बघा. चड्डीला याची गरज नाही, बाही असलेल्या कपड्याला आहे. मुलाला तो कच्चा कपडा घालून खाली बसायला, हात वर करायला आणि पाय पोटाशी घ्यायला सांगा. मुंढा काचत असेल तर तो अर्धा सेंमी खाली उतरवा आणि बाहीचा आकारही तेवढाच बदला. हे बदल कागदावर लगेच तारखेसह लिहून ठेवा, सोबत मुलाची त्या दिवशीची छाती आणि उंचीही. स्वतः आखायला घ्याल तेव्हा सुरुवात कोऱ्या कागदापासून न करता अशा दुरुस्त केलेल्या पॅटर्नपासून करा: गळा बदला, घेर वाढवा, बाही काढून टाका. शिवलेले कपडे विकायचा विचार असेल तर विकत घेतलेल्या पॅटर्नवरची अट मात्र आधी वाचा, कारण बरेच पॅटर्न फक्त घरच्या वापरासाठी दिलेले असतात.